‘पदव्यांची समकक्षता’ की ‘मान्यता’?

पार्लेकरीण: बोलोन्या प्रक्रियेवर पालकांसाठी टिपण लिहितेय. १९९९ साली २९ युरोपीय देशांनी आपापल्या उच्च शिक्षणाचा मेळ घालायचं ठरवलं, ते. मी ‘पदव्यांची समकक्षता’ लिहिलं, संपादकांनी ‘मान्यता’ केलं. पण आपल्याकडे मान्यता म्हटलं की लोकांना यूजीसी आठवते. दुसरा शब्द सुचतो का?

फोर्टचा वाचक: समकक्षता नकोच. एकमेकांच्या पदव्या स्वीकारण्याबद्दलच्या १९९७ च्या लिस्बन कराराचा सगळा जोर तिथेच आहे. दोन पदव्या तंतोतंत सारख्या असायची गरज नाही. मोठा फरक दाखवता आला नाही तर बाहेरची पदवी स्वीकारायची, आणि तो फरक सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर.

गिरगावची: मग ‘ग्राह्य धरणे’ काय वाईट आहे? माझ्या आईच्या ऑफिसात सेवा ग्राह्य धरायचे, रजा ग्राह्य धरायचे. पदवीही धरा.

पार्लेकरीण: क्रियापद छान. पण ‘ग्राह्यता’ मथळ्यात फार सरकारी वाटतं.

ठाणे लोकल: भाचीला जर्मनीत एमएस्सीसाठी नेमकं हेच नडलं. तिची मुंबईची पदवी तीन वर्षांची, तिथलीही तीन वर्षांची. पण त्यांच्याकडे वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १८०. आपल्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तीन वर्षांचे १२०. क्रेडिटमागे तिथे २५ ते ३० तासांचं काम धरतात, घरचा अभ्यासही त्यात आला. नुसता आकडा बघणाऱ्याला आपली पदवी तोकडीच दिसणार. पोरीने प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम इंग्रजीत करून पाठवला.

फोर्टचा वाचक: क्रेडिट नव्हे, श्रेयांक.

ठाणे लोकल: कॉलेजात एक मुलगा श्रेयांक म्हणताना दाखवा. नोटिशीत असतो तो.

फोर्टचा वाचक: नोटिशीतून रुळतात शब्द. ‘महापौर’ असाच रुळला.

गिरगावची: श्रेयांक मला अर्थानेच पटत नाही. श्रेय म्हणजे अधिक चांगलं, कठोपनिषदातलं श्रेय आणि प्रेय आठवा. क्रेडिट आलं लॅटिन ‘क्रेदेरे’वरून, विश्वास ठेवणे. आपली ‘श्रद्धा’ त्याच कुळातली. आणि विश्वासाचा शब्द मराठीत रोज वापरतो आपण: पत. ‘पतांक’ म्हणा. एका विद्यापीठाने दिलेल्या आकड्यावर दुसऱ्याने भरवसा ठेवायचा, एवढंच तर आहे त्यात.

फोर्टचा वाचक: पत म्हटलं की कर्ज आलं. शिक्षणाला पतपेढीची भाषा नको.

गिरगावची: क्रेडिट साठवायच्या सरकारी सोयीचं नावच ‘बँक’ आहे! २०२१ पासून.

ठाणे लोकल: आणि त्या बँकेतले क्रेडिट युरोपात चालतात का, ते कुणी सांगेल? धाकटी पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे.