जि. प. शाळेचा निधी कुठे थांबला, हे कागदावर कसं काढायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका गावात आमची पहिली ते सातवीची जिल्हा परिषद शाळा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच सरांना नोटीस यायची. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष, मुलगी सहावीत.

सहावी-सातवीचा मिळून पट १४. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) शासन निर्णयाने वरच्या वर्गांचा पट विसाच्या आत असला की पदवीधर शिक्षकच मंजूर होत नाही. आमचे गणित-विज्ञानाचे सर समायोजनात दुसऱ्या शाळेत गेले. आता दोघे गुरुजी सात वर्ग ओढतात, त्यातले एक बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं कामही त्यांच्याकडे. सकाळी फळ्यावर उदाहरणं लिहून देतात आणि खाली पहिली-दुसरीकडे जातात. मुलीच्या विज्ञानाच्या वहीत दिवाळीपासून एकाही पानावर सही नाही.

दुसरं, अंडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद. द्यायचीच असतील तर समितीने लोकसहभागातून द्यावीत म्हणे. म्हणजे ज्यांची पोरं खिचडीवर आहेत त्यांनीच वर्गणी काढायची. काढलीही काही आठवडे. सोयाबीनचे भाव पडल्यावर कोण देतंय?

खरी मदत पुढच्या गोष्टीत हवी आहे. संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चाचं) आमच्या शाळेच्या एकूण पटाला २५ हजार बसतं. गेल्या वर्षी निम्मंच आलं, तेही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. पूर्वी पैसे समितीच्या खात्यात पडायचे, पासबुकात दिसायचे. आता खातं शून्य शिल्लकीचं, नुसती लिमिट, म्हणजे खर्चाची मर्यादा येते. सरांनी पीपीए (पैसे देण्याचा बँकेला द्यायचा छापील आदेश) काढून बँकेत नेला, तिथे मार्चअखेरची झुंबड. १ एप्रिलला लिमिट गायब. वीजबिल थकलं, जोडणी तोडली, लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही सतरंजीखाली पडून आहे.

तालुक्याला विचारलं तर "वरूनच आलं नाही", जिल्ह्याला विचारलं तर "आम्ही खाली सोडलंय". मला भांडण नको. मंजूर किती, सोडलं किती, थांबलं कुठे, एवढं ग्रामसभेत ठेवायचं आहे. गावात सगळे म्हणतात पैसा लाडक्या बहिणींना गेला. ते पंधराशे मीही घेते, म्हणून माझ्यासमोर जरा हळू म्हणतात. खरंच तसं आहे का?

निवृत्त_लेखाधिकारी:
ताई, तुमच्या तिन्ही अडचणींच्या पैशाचे रस्ते वेगळे आहेत. एकत्र अर्ज केलात तर तिन्हीकडून टोलवाटोलवी होईल.

शिक्षकाचं पद निधीअभावी गेलेलं नाही, निकष बदलून गेलं. पगार हा शिक्षणातला सगळ्यात मोठा खर्च, त्यामुळे बचत करायची तर पदांवरच हात पडतो. पण तो निर्णय मार्च २०२४ चा आणि लाडकी बहीण जाहीर झाली जूनअखेरीस, तेव्हा ते खापर तिच्यावर फोडता येत नाही. अंडी राज्याने स्वतःच्या पैशातून सुरू केली होती, राज्यानेच हात काढला. संयुक्त अनुदान समग्र शिक्षा योजनेचं, त्यात पैसा केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४०. एकाचा हप्ता लांबला की पुढचं सगळं लांबतं.

बहिणींच्या योजनेसाठी निधी वळवल्याची तक्रार झाली ती सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्या पैशाबद्दल. मे २०२५ मध्ये खुद्द मंत्री संजय शिरसाट जाहीरपणे बोलले होते. वसतिगृहं, शिष्यवृत्त्या यांचा तो विषय.

आणि एक लक्षात ठेवा, कपात अर्थसंकल्पाच्या पुस्तकात शोधू नका. तिथे तरतूद भरघोस दिसते. वित्त विभाग वर्षभर ती टक्क्याटक्क्याने सोडतो, उरलेली मार्चमध्ये शिळी होते. राज्याच्या बीम्स या अर्थसंकल्प संकेतस्थळावर लेखाशीर्षनिहाय (खर्चाच्या सांकेतिक क्रमांकानुसार) तरतूद, वितरण आणि खर्च दिसतो. सामान्य शिक्षण २२०२ ने सुरू होतं, मागासवर्गीय कल्याण २२२५ ने. तरतूद आणि वितरण यांतली दरी हीच खरी कपात.

फळा_आणि_खडू:
मी मुख्याध्यापक आहे. माहिती अधिकाराचा अर्ज सरांच्या नावाने अजिबात नको, तुमच्या नावाने करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यावर बोट ठेवून अर्ज परत करतात. "का आलं नाही" विचारू नका, कारणं द्यायला ते बांधील नाहीत असं उत्तर येतं. कागद मागा: जिल्ह्याला मिळालेल्या वितरण आदेशाची प्रत, तालुकानिहाय वाटपाचा तक्ता, तुमच्या शाळेला लिमिट दिल्याची तारीख. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

यंदा पीपीए बँकेत दिला की दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच शिक्का घ्याच. आमच्याकडे तेवढ्यावरच सिद्ध झालं की उशीर शाळेचा नव्हता.

रोखठोक:
कटू वाटेल, पण १४ पोरांसाठी वेगळा पदवीधर शिक्षक कुठल्याच सरकारला परवडणार नाही. मोठ्या शाळेत घाला, चार मित्र तरी मिळतील.

फळा_आणि_खडू:
@रोखठोक, पाठवायला एसटी लागते. सहावी-सातवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, नाहीतर वाहतुकीची सोय करायची, हे नियमातच आहे. ताई, तुमचा शाळा विकास आराखडा झालाय का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो समितीनेच करायचा असतो. शिक्षकाची मागणी त्यात लिहा, ठराव घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पोच घ्या. स्वच्छतागृहाची दुरुस्ती असेल तर ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीतून होते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. रोखठोक दादा, पुढची शाळा पाच किलोमीटरवर आहे. सकाळची एसटी साडेआठला जाते, शाळा सुटल्यावर परतीची थेट साडेसहाला. हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो. मुलांना सायकली घेतल्या लोकांनी, पण सातवीतल्या दोन मुलींच्या घरी आत्ताच "बास झालं शिक्षण" सुरू झालंय. चार मित्र मिळायच्या आधी त्या घरी बसतील.

आराखडा सरांनी भरला होता, आम्ही नुसत्या सह्या केल्या होत्या. या बैठकीत वाचून घेते.

बीम्स मोबाइलवर उघडलं. २२०२ खाली भलीमोठी यादी येते. त्यात समग्र शिक्षाचा राज्य हिस्सा कुठल्या लेखाशीर्षात शोधायचा? लेखाधिकारी काका, पूर्ण आकडा माहीत असेल तर इथेच टाका. सोमवारी तालुक्याला जायचंय, त्याआधी अर्ज लिहून ठेवते.