जावास्क्रिप्ट: ॲरेतून रद्द ऑर्डरी काढायला कोणता लूप बरा?

हापूसवाला_देवगड:
घरच्या आंब्यांसाठी एक वेबपान केलंय, साधं जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क वगैरे नाही. ऑर्डरींचा ॲरे (यादी) आहे, त्यातल्या रद्द झालेल्या फॉर लूपमध्ये एकेक बघत स्प्लाइसने (ॲरेतून घटक उडवणारं फंक्शन) काढतो. एरवी ठीक चालतं, पण लागोपाठ दोन रद्द असल्या की दुसरी तशीच राहते. काल दादरच्या गिऱ्हाइकाची रद्द केलेली पेटी भरून टेम्पोत चढली. बाबांच्या शिव्या खाऊन झाल्या. त्याऐवजी फॉरईच वापरू का, प्रत्येक ऑर्डरीवर आपणहून फिरणारा?

मालवणी_काका:
अरे झिला, पंगतीतलो एक उठलो आणि बाकीचे पुढे सरकले, तर वाढपी चुकतलोच!
लूपचा मोजणी-आकडा 'आय' १ वर असताना तिथली ऑर्डर काढलीस. २ वरची सरकून १ वर आली. लूप मात्र २ वर गेला, सरकलेली बघितलीच नाही. फॉरईचमध्येही हेच होईल, शिवाय त्यात ब्रेक (मधेच लूप थांबवणं) चालत नाही. स्प्लाइसच हवा असेल तर उलटा फिर, लेंग्थ (एकूण संख्या) वजा १ पासून ० पर्यंत.

खाडीकाठ:
काकांचं बरोबर, पण पुढच्या सीझनला तो उलटा लूप का लिहिलास ते तुलाच आठवणार नाही. फिल्टर घे. 'रद्द नसलेल्या तेवढ्या ठेव' असं सरळ वाचता येतं, आणि तो नवा ॲरे देतो, मूळ ॲरेला हात लावत नाही. नुसतं एकेक बघायचं असेल तर फॉर-ऑफ, २०१५ पासून आहे. फॉर-इन मात्र ॲरेवर नकोच. त्यात इंडेक्स (जागेचा क्रमांक) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून येतो, '१' मध्ये १ मिळवलास की '११'. वाचायला एमडीएन (मोझिलाची वेब-माहितीची साइट) पुरे, व्हिडिओंच्या नादी लागू नकोस.

हापूसवाला_देवगड:
धन्यवाद! आणखी एक. डझनाच्या भावांचा ॲरे सॉर्ट केला तर ११००, १२५०, ९५० असा लागतो. हे काय?

खाडीकाठ:
काही सांगितलं नाहीस तर सॉर्ट आकडेसुद्धा शब्दांसारखे लावतो, म्हणून १ वाले आधी, ९ वाला नंतर. सॉर्टच्या कंसात तुलनेसाठी (अ, ब) => अ - ब दे. हो, व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, मी हौसेने तशीच ठेवतो. फक्त सॉर्ट मूळ ॲरेच हलवतो, ते ध्यानात ठेव.

हापूसवाला_देवगड:
भाव नीट लागले. फिल्टरपण लावला, पण रद्दवाल्या अजून दिसतायत :(

मालवणी_काका:
फिल्टरान दिलेलो नवो ॲरे खंय ठेवलंस?

हापूसवाला_देवगड:
...कुठेच नाही.