शंभर दिसलं म्हणजे छान, असं नाही

ताई, ३० आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ असताना सिस्टरनी ऑक्सिजन कमी का केला, हा तुमचा प्रश्न. जळगाव जिल्ह्यात नवजात अतिदक्षता कक्षात मी नर्स आहे, चोपडा-यावलकडून आलेल्या आज्या हेच विचारतात, "माय, हवा नको कमी करू वं!"

बाळ ऑक्सिजनवर असेल तर आम्ही साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतो. ९५ च्या वर रक्तात नेमका किती जास्त ऑक्सिजन आहे, ते बोटाएवढ्या पायावरचा प्रोब (सॅच्युरेशन मोजणारा सेन्सर) सांगूच शकत नाही. आणि जास्तीचा ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्यावरच्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्यांना बाधतो. मग ८५ वर ठेवायचं? तेही नको. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात ८५-८९ वर ठेवलेल्या बाळांमध्ये डोळ्यांचा गंभीर आजार कमी, पण मृत्यू जास्त होते. ब्लेंडरवर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर) २१ टक्के, म्हणजे साधीच हवा असेल, तर मात्र ९८ ची काळजी नको.

डोळ्यांची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत झालीच पाहिजे. त्याआधी सुट्टी मिळाली तर तारीख कार्डावर लिहून घ्या. धुळ्याला जावं लागलं तरी जा.