मोतीबिंदूनंतर आईसाठी कोणती लेन्स निवडावी?

अबोली: माझी आई ६७ वर्षांची असून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी साधी, एकाच अंतराची मोनोफोकल आणि दूर-मध्यम-जवळ अशा तिन्ही अंतरांची ट्रायफोकल असे दोन पर्याय सांगितले. दुसरीचा खर्च बराच अधिक आहे. आई दिवसभर शिलाई मशीनवर असते आणि शिवताना चष्मा नको, एवढीच तिची इच्छा आहे. तिला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. अधिक पैसे घालावेत का?

पांथस्थ: दोन वर्षांपूर्वी मी दोन्ही डोळ्यांत ट्रायफोकल बसवून घेतली. वर्तमानपत्र आणि मोबाईल चष्म्याविना वाचता येतात, याचे सुख मोठे आहे. मात्र ही लेन्स डोळ्यात येणारा प्रकाश निरनिराळ्या अंतरांसाठी विभागते, त्यामुळे रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती वलये दिसतात आणि मंद उजेडात वाचणे जड जाते. वलयांचा त्रास काही महिन्यांनी कमी झाला. पूर्ण गेला नाही. रात्री गाडी चालवणे मी सोडले आहे.

निवृत्त नेत्रतज्ज्ञ: खर्चाचा विचार नंतर करावा, आधी दृष्टिपटलाची (डोळ्याच्या पडद्याची) तपासणी आणि ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचे चित्र घेणारी तपासणी, करून घ्यावी. मधुमेहामुळे पडद्याच्या मध्यभागी सूज किंवा इजा असेल, तर प्रकाश विभागणारी लेन्स टाळलेली बरी, कारण अशा डोळ्याची आधीच मंदावलेली स्पष्टता तिने आणखी घटते.

दुसरे असे की, साधी लेन्स दूरसाठीच बसवावी लागते हा समज चुकीचा आहे. ती बसवल्यावर डोळ्याचा नंबर मुद्दाम सुमारे उणे २.५ राहील अशी निवडली, तर साधारण ४० सेंमीवरचे चष्म्याविना स्पष्ट दिसते आणि चष्मा दूरसाठी लागतो. एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवण्याचीही पद्धत आहे, परंतु त्यात खोलीचा अंदाज थोडा कमी होतो, म्हणून बारीक शिवणकामाला मी ती सहसा सुचवत नसे. आपल्या आईंचे डोळे मशीनच्या सुईपासून किती अंतरावर असतात, ते मोजून आपल्या डॉक्टरांना सांगा.

अबोली: मनःपूर्वक आभार. आईच्याच टेपने मोजले. अंतर ४२ सेंमी भरले. टीव्ही पाहताना आणि बाहेर जाताना चष्मा लावायला तिची हरकत नाही. ओसीटी सोमवारी आहे.