घरच्या गणपतीच्या क्लिपा चौघांकडून आल्यात, फोल्डर कसे लावू?

आंबोळी:
२७ ऑगस्ट २०२५ पासून गौरीगणपती विसर्जनापर्यंतचं सगळं चित्रीकरण माझ्याकडे जमलंय. माझा अँड्रॉइड, ताईचा आयफोन, भाच्याचा गोप्रो, काकांचा जुना हँडीकॅम, शिवाय घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या क्लिपा. आजीला यंदा गावी येता आलं नाही, तिच्यासाठी पाऊण तासाची फिल्म करायची आहे. आरती, फुगड्या, ऋषीपंचमीची भाजी असे विषयवार फोल्डर हवेत, पण क्लिप हलवली की दाविंची रिझॉल्व्हमध्ये (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ती लाल होते, 'मीडिया ऑफलाइन'. तुम्ही कसं लावता?

सातारी कंदी:
डिस्कवर विषय आणूच नका. आरतीच्याच क्लिपमध्ये पुढे खिरापत वाटणं असतं, ती कुठे टाकणार? डिस्कवर दोनच गोष्टी ठेवा: कुठला दिवस, कुणाचा कॅमेरा. '२०२५-०८-२८ ताई' असं वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप दिवसाच्या क्रमाने लागतात. एकदा लावले की तिथे हात लावायचा नाही. विषय रिझॉल्व्हच्या बिनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतल्या फोल्डरमध्ये. क्लिपला कीवर्ड दिलेत तर कीवर्डनुसार क्लिपा आपोआप गोळा करणाऱ्या स्मार्ट बिनमुळे तीच क्लिप 'आरती'तही दिसेल आणि 'काका'मध्येही, फाइल मात्र जागची हलणार नाही. लाल झालेल्या क्लिपा निवडा, राइट क्लिक, रीलिंक, आणि वरचा मुख्य फोल्डर दाखवा.

गोप्रोकडे नीट बघा. तो लांब चित्रीकरणाचे तुकडे पाडतो: जीएक्स०१००४५, मग जीएक्स०२००४५. शेवटचे चार आकडे क्लिपचे, आधीचे दोन तुकड्याचे. नावाने लावलं की एकाच मिरवणुकीचे तुकडे एकमेकांपासून लांब जाऊन पडतात. हँडीकॅमच्या कार्डावर एव्हीसीएचडी फोल्डर असेल तर अख्खा उचला, आतल्या एमटीएस (व्हिडिओच्या) फाइली सुट्या काढू नका.

व्हॉट्सॲपवरच्या क्लिपा दाबून बारीक झालेल्या असतात आणि नावातली तारीख बहुधा आल्याची असते, काढल्याची नाही. ज्याने काढली त्याच्याकडून ती 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, २ जीबीपर्यंत जाते.

आणि कळकळीने सांगतो, हललेल्या, अंधाऱ्या क्लिपा पुसू नका. 'नको' असा बिन करून त्यात ठेवा. आमच्या आजोबांचा आवाज आज फक्त अशाच एका क्लिपमध्ये आहे. कॅमेरा जमिनीकडे, आणि मागे ते कुणाला तरी पानाचा डबा मागतायत.

खारे शेंगदाणे:
एक राहिलं. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट तुमच्या फोल्डरात नसतो, त्याच्या डेटाबेसमध्ये असतो. लॅपटॉप गेला की कापाकापी गेली. उठताना प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून डीआरपी फाइल क्लिपांशेजारी ठेवा. तिच्यात चित्रीकरण नसतं, म्हणून क्लिपांची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच. ती डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची असेल तर ४ जीबीवरची फाइल घेणार नाही, एक्सफॅट करा. फॉरमॅट करण्याआधी आत काही नाही ना, ते बघा.

आंबोळी:
दोघांचेही आभार. कार्डं अजून तशीच आहेत, आजच दोन प्रती काढते. हँडीकॅमचं घड्याळ मात्र चुकीचं आहे, तारखासुद्धा भलत्याच. त्या क्लिपा फोनच्या क्लिपांशी कशा जुळवू?

सातारी कंदी:
फोल्डरला खरी तारीख द्या, फाइलींची नावं बदलू नका. एकाच आरतीच्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिपा निवडून मल्टिकॅम क्लिप (दोन्ही कॅमेरे एकत्र जुळवलेली क्लिप) करा आणि जुळवणी आवाजावरून सांगा. झांजांचा ताल सारखाच चालू असतो, त्यामुळे एखाद्या ठोक्याने चुकायची शक्यता आहे. म्हणून आरतीच्या शेवटी 'मोरया' कुठे येतं ते दोन्हीकडे पाहून घ्या, तिथे जुळलं की सगळं जुळलं.