कडबा वाया जातो तो कुट्टी नसल्यामुळे? आधी गव्हाण बघा!

माणगंगाकाठ

"कुट्टी न करणारा शेतकरी स्वतःच्या हातानं पैसे उकिरड्यावर टाकतो" अशी एक पोस्ट दोन दिवस सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. सोबत फोटो आहे. दावणीला चार गाया, पायाखाली तुडवलेली धाटं. खाली सल्ला: कडबा, म्हणजे ज्वारीची वाळली धाटं, बारीक कापायचं कुट्टी मशीन घ्या, निम्मी वैरण वाचेल.

सल्ला देणाऱ्यानं स्वतःचाच फोटो नीट बघितलेला नाही. त्या फोटोत वैरण टाकायची गव्हाणच नाही! पेंढी सोडून सरळ जमिनीवर टाकलीय आणि गाय पुढचे दोन्ही पाय वैरणीवर रोवून उभी आहे. तिथं कुट्टी टाकली असती तरी ती शेणामुतातच गेली असती. उलट धाट उचलून, झटकून दुसऱ्या जनावराला टाकता येतं. मातीत मिसळलेली कुट्टी कोण वेचणार?

वैरण वाया जाते ती टाकायच्या पद्धतीमुळे. सकाळी एकदाच भारा टाकायचा आणि रानात निघून जायचं, म्हणजे दुपारपर्यंत जनावर त्यावर फुंकरतं, लाळ गाळतं, मग स्वतःचंच उष्टं हुंगून बाजूला सारतं. गव्हाणीचा पुढचा काठ बुटका असेल तर मान झटकली की निम्मी पेंढी बाहेर. आणि गंजी उघडी ठेवून अवकाळी पावसात भिजवायची, काळा पडलेला कडबा जनावर खात नाही म्हणून बोंब मारायची. यातलं काहीही मशीन दुरुस्त करत नाही.

दुसरं म्हणजे, उरलेलं प्रत्येक धाट वाया गेलं असं धरणंच मला मान्य नाही. गाय आधी पाला खाते, मग कोवळा शेंडा, आणि बुडखा सोडते. तिला कळतं कशात काय आहे ते. कुट्टी करून बुडखा तिच्या गळी उतरवला की पोट भरतं, दूध वाढत नाही. उरलेली चिपाडं आम्ही गोठ्यात अंथरतो, मूत शोषून घेतात आणि खड्ड्यात जाऊन खत होतात. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल भांडावं, पण फोटो टाकून शेतकऱ्याला आळशी म्हणू नये.

फलटणचा गोठा

दादा, दोन खिलार बैल आणि एक गाय असली की असं बोलता येतं. माझा कडबा घरचा नाही, विकत येतो. शेकडा अडीच हजार धरा. शंभरातल्या वीस पेंढ्या पायदळी गेल्या तर दर शेकड्याला पाचशे रुपये खड्ड्यात. एवढं महाग खत मला परवडत नाही.

आणि गाईला सगळं कळतं म्हणता, तर तिला सरकी पेंड दिली की ती तेवढीच खाऊन वैरण सोडते, तेही तिच्या शहाणपणावर सोडायचं का? कुट्टीत वैरण, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), भरडा एकजीव होतो. निवडून खायला वावच राहत नाही, म्हणून प्रत्येक गाईच्या पोटात सारखं जातं. कुट्टी आल्यापासून माझ्या गोठ्यात झाडून काढायला जवळजवळ काही उरत नाही. मुक्त संचार गोठा आहे, जनावरं मोकळी असतात, गव्हाणही पक्की आहे. तरीही अख्ख्या धाटाची नासाडी होत होती. मग तुमचं "आधी गव्हाण" कुठं गेलं?

माणगंगाकाठ

आमच्या दावणीला किती जनावरं आहेत ते न विचारता तुम्ही खिलारावर आलात. चालायचंच. पण पक्की गव्हाण म्हणजे किती खोल, काठ किती उंच, ते सांगा. सिमेंटची पन्हाळ म्हणजे गव्हाण नव्हे.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, म्हणून लिहितो.

चारशे किलोच्या दुभत्या संकरित गाईला रोज बारा ते चौदा किलो कोरडा अंश (पाणी वगळून उरणारं खाद्य) लागतो. ढोबळ हिशेबानं त्यातला दोन तृतीयांश चाऱ्यातून यावा. नुसत्या ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात, तीही पाल्यात जास्त आणि धाटात कमी. त्यामुळे गाय पाला निवडते ती अक्कल चालवूनच. दुधाच्या गाईसमोर थोडं उरू द्यावं, गव्हाण चाटूनपुसून साफ झाली म्हणजे ती कमी पडली असं समजावं. तिचं उरलेलं भाकड जनावरांना आणि बैलांना टाका. इथं माणगंगाकाठ बरोबर आहेत.

पण अख्खा कडबा टाकून "तिला कळतं" म्हणत बसलात तर बुडख्याकडचा निम्मा माल जातो, हेही खरं. उपाय कुट्टीच, फक्त ती इंच-दीड इंचाची ठेवा. लोक दूध वाढेल म्हणून भुशासारखी बारीक करतात. मग रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते, पोटात आम्लता वाढते आणि फॅट घसरतं. दूध संकलन केंद्रावर ३.५ ची फॅट लागली नाही की शिव्या दूधवाल्याला.

आणखी एक. अख्ख्या पेंढीत तार, खिळा असला तर तो कधीकधी बाजूला राहतो. कुट्टीत तो तुकडा सरळ पोटात जातो, तिथून जाळीदार पोटातून हृदयापर्यंत. असली जनावरं मी फाडून बघितली आहेत. मशीनच्या तोंडाशी लोहचुंबक लावायला फार खर्च येत नाही.

बार्शीकर

वाचवायचा कडबा आहे कुठं ते आधी सांगा! मालदांडी ज्वारी पेरणारे संपत आले. तिच्यातून मोहोळला निवडलेली एम ३५-१ ही जात एवढी वर्षं टिकली ती दाण्याइतकीच कडब्यासाठी. आता ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही, उक्तं द्यायचं तर दाण्याचे पैसे त्यातच जातात. मग पोरं हार्वेस्टर घालतात. वरचं कणीस जातं मशीनमध्ये आणि धाट उभं तुडवलं जातं. गोठ्यातली नासाडी मोजताय, रानातली मोजली का कुणी?

फलटणचा गोठा

हा विषय वेगळा आहे. वेगळा धागा काढा.

बार्शीकर

वेगळा कसा? तुम्हाला शेकडा अडीच हजारानं घ्यावा लागतो तो याच कारणानं.

परांड्याची लेक

डॉक्टरसाहेब तारेबद्दल बोलले. हाताबद्दल कुणीच बोललं नाही.

कुट्टी कोण करतं हो तुमच्याकडं? पोस्ट लिहिणारे, मशीन विकणारे, इथं भांडणारे, सगळे पुरुष. मशीनच्या तोंडात पेंढी सारायला बाई उभी असते, नाहीतर शाळेतून आलेली पोर. माझ्या आत्याची उजव्या हाताची तीन बोटं गेली. पेंढी अडकली, तिनं हातानं रेटली, आणि रुळांनी ओढून घेतलं. मशीनला तोंडावर झाकण नव्हतं, उलटं फिरवायचा दांडा नव्हता. मशीनला लागणारी थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत यायची, म्हणून दिवसभर खुरपून आल्यावर अंधारात कुट्टी. त्यानंतर ती धार काढू शकली नाही. त्या घरात वैरण किती वाचली याचा हिशेब कुणी मांडला का?

वीस टक्के कडबा वाचतो म्हणता. तो वाचवणाऱ्या हाताची किंमत त्या हिशेबात कुठं आहे?

फलटणचा गोठा

ताई, वाईट झालं. पण ट्रॅक्टर उलटून माणसं मरतात म्हणून कुणी बैल जुंपत नाही. आमच्या गोठ्यावर दोन गडी आहेत, कुट्टी तेच करतात.

परांड्याची लेक

तुमच्याकडं गडी आहेत. तीन गायांच्या घरात गडी नसतो, बायको असते. मशीन बंद करा असं मी कुठं म्हटलंय? हातभर लांब, वरून झाकलेली नळी नसेल आणि उलटं फिरवायचा दांडा हाताशी नसेल तर ते विकूच नये, घेऊच नये, एवढंच म्हणतेय. झाकण असलेलं मशीन थोडं महाग मिळतं म्हणून लोक उघडं घेतात. आणि काही जण झाकण काढून ठेवतात, कारण त्यानं काम सावकाश होतं! तुमच्या मशीनचं झाकण जागेवर आहे का? आत्ता जाऊन बघून सांगा.

शेती सुटलेला, पुणे

ताई, भावना समजतात, पण धागा वैरणीच्या नासाडीचा आहे.

परांड्याची लेक

पुण्यात बसून धाग्याची राखण करू नका. ज्याला वैरण टाकावी लागते त्यानं ठरवावं विषय कुठला ते.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

ताई बोलल्या ते खरं आहे, आणि ते मी आधी लिहायला हवं ते लिहिलं त्यांनी. साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, हातातल्या बांगड्या, यातलं काहीही रुळात अडकतं. पेंढी अडकली तर आधी बटण बंद, चाक थांबेपर्यंत थांबायचं, मग हात. पट्ट्याला जाळी हवी. आणि लहान पोरांना मशीनजवळ फिरकूही देऊ नये.

बार्शीकर

रात्रीच्या विजेचं कुणी बोलणार आहे का? दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली. आमच्या फिडरवर (विजेच्या लाईनवर) अजून रात्रीचीच पाळी आहे. पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणाऱ्याला साप चावतो आणि कुट्टी करणारीचं बोट जातं, मूळ एकच.

माणगंगाकाठ

हे मात्र शंभर टक्के. आणि म्हणूनच मी म्हणतो की ज्याच्याकडं तीन-चार जनावरं आहेत त्यानं पोस्ट वाचून वीस-पंचवीस हजार मशीनमध्ये घालण्याआधी गव्हाण बांधावी. गव्हाणीत कुणाचं बोट जात नाही.

फलटणचा गोठा

झाकण बघितलं. आहे, पण एक बोल्ट नाही. उद्या बसवतो. यावरून मी हरलो असं समजू नका, कुट्टीशिवाय पंधरा गायांचा गोठा चालवून दाखवा मग बोलू.

वर्कशॉपवाला

मी गोठ्याचं पाईपकाम करतो. तुमच्या भांडणात गोल गाठींचं कुणी नावच घेतलं नाही, म्हणून लिहितो. आता सोयाबीनचं भुसकट, गव्हाचं काड, उसाचं पाचट बेलर यंत्रानं गोल गाठींत बांधून येतं. गोठेवाले ती गाठ तशीच अंगणात लोटून देतात आणि जनावरं चहूबाजूंनी ओढतात. निम्मं खातात, निम्म्यावर बसतात.

अमेरिकेत याहून बऱ्याच मोठ्या, वाळल्या गवताच्या गाठी असतात आणि तिथं या नासाडीचं मोजमाप झालेलं आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००३ मध्ये छापलेला प्रयोग आहे: चार तऱ्हांच्या चौकटींत गाठी ठेवल्या. शंकूच्या आकाराच्या चौकटीत ३.५ टक्के गेलं, साध्या गोल कडीत ६.१, ट्रेलरवर ११.४ आणि पाळण्यासारख्या चौकटीत १४.६. गवत तेच, फरक फक्त चौकटीचा. गाईचं डोकं खाली, चरताना असतं तसं, चौकटीच्या आत राहिलं तर तोंडातून सांडलेलं आतच पडतं. डोकं सारखं आत-बाहेर व्हायला लागलं की प्रत्येक वेळी घास बाहेर येतो.

माणगंगाकाठ

म्हणजे मी म्हणतोय तेच झालं! कुट्टी नाही, मशीन नाही, नुसत्या चौकटीनं १४.६ चे ३.५.

फलटणचा गोठा

ते मांसाच्या गाईंचं आणि भल्यामोठ्या गाठींचं आहे. दावणीला बांधलेल्या गाईला लावू नका. पण गोल कडीचं पटलं. मुक्त संचारात चालेल. वर्कशॉपवाले, किती व्यासाची करता?

वर्कशॉपवाला

गाठीपेक्षा चहूबाजूंनी दीड-दोन फूट मोठी. खालचा दोन फूट भाग पत्र्यानं बंद ठेवायचा, तिथूनच जास्त सांडतं. वरच्या दांड्या तिरप्या असल्या की गाय डोकं पटकन काढत नाही. शिंगं असलेल्या जनावरांना अंतर जास्त ठेवावं लागतं, नाहीतर अडकतात.

आणि गाठी उघड्यावर ठेवू नका. सहा फूट व्यासाच्या गाठीचा बाहेरचा सहा इंच थर कुजला तर किती गेलं असं विचारलं की लोक दहा टक्के म्हणतात. हिशेब करून बघा, तीस टक्के जातं, कारण गोल वस्तूचा जास्त माल बाहेरच्या अंगालाच असतो. आपल्याकडच्या गाठी लहान, म्हणजे आणखीच जास्त. खाली दगड नाहीतर लाकडी ओंडके, वर ताडपत्री.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

सुतळी आणि जाळी काढल्याशिवाय गाठ देऊ नका. प्लास्टिकची सुतळी पोटात गोळा होऊन बसते, मग पोट फाडून काढण्याशिवाय इलाज नाही. बुरशी आलेला थर वेगळा करून फेका. "वाया जाऊ नये" म्हणून तो दुभत्या गाईला घालू नका, बुरशीचं विष दुधात उतरतं. तिथं वाचवणंच नुकसानीचं.

काड-भुसकट खात नसतील तर शंभर किलोला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरांवर सारखं शिंपडून, एकवीस दिवस हवाबंद दाबून ठेवा. प्रथिनांचा अंश जवळजवळ दुप्पट होतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे द्यायचं नाही, आणि युरियाचं पाणी जनावरांच्या तोंडाला लागेल असं ठेवायचं नाही.

बार्शीकर

उसाच्या वाढ्याचंही (शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचं) सांगा डॉक्टर. चारा कमी पडला की सगळे वाढ्यावर येतात.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर महिनोन्‌महिने ठेवू नये. कडबा मिसळा, खनिज मिश्रण द्या.

माणगंगाकाठ

फलटणवाल्यांना एवढंच मान्य करतो की पंधरा गायांना अख्खी पेंढी टाकणं जमणार नाही. पण ती पोस्ट पंधरा गायावाल्याला लिहिलेली नव्हती, चार गायावाल्याला हिणवायला लिहिलेली होती.

फलटणचा गोठा

चार गायावाल्यानं तिघांत मिळून एक मशीन घ्यावं. झाकणासकट.

परांड्याची लेक

झाकणासकट, दिवसा उजेडात, आणि पाळी घरातल्या प्रत्येकाची. वर्कशॉपवाले, जुन्या उघड्या मशीनला तोंडावर झाकलेली नळी वेल्ड करून देता का? आमच्या गल्लीत अशी सात-आठ मशीनं आहेत.

वर्कशॉपवाला

देतो. तोंडाची रुंदी आणि रुळापासून काठापर्यंतचं अंतर मोजून पाठवा. पत्रा सोळा गेजचा वापरतो, मजुरी सात-आठ मशीनची एकदम लावीन.