मदत हवी आहे : सामाजिक करार नेमका कुणाकुणात झाला?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात एम.ए. राज्यशास्त्राच्या मुलामुलींचा अभ्यासगट घेते. राज्यसत्ता लोकांनी आपसात केलेल्या करारातून आली, असं मांडणारे हॉब्ज, लॉक, रूसो झाले. पण माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान म्हणणारा लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता, आणि रूसो 'एमिल'मध्ये (१७६२) मुलींचं शिक्षण पुरुषांच्या सोयीचं ठरवतो. मग करारातले 'आपण सगळे' कोण? स्त्रीवादी विचारवंत कॅरोल पेटमन (१९८८) म्हणतात, या कराराआड बायकांवरच्या सत्तेचा करार दडलाय. वंशभेदावर लिहिणारे तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स (१९९७) म्हणतात, सामाजिक करार गोऱ्यांनी आपसातच केला. मला दोघांचंही पटतं, मिल्सचं जरा जास्तच.

गटातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी जड जातं. या दोघांवर मराठीत नीट लिहिलेलं काही आहे का? लेख, एखादं प्रकरण, यूट्यूबवरचं व्याख्यानही चालेल.

शिवाय जोतीरावांनी (त्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यातलं) १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली. ती मिल्सच्या जोडीने शिकवावी असं फार वाटतं, पण जात आणि वंश एकच, असं मुलांच्या डोक्यात बसायला नको. कुणी असं शिकवलं असेल तर सुरुवात कुठून केली, सांगाल का?